चिंधी, चीवर आणि कवंदी

कर्जत तालुक्यात राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाणे लेणी आहेत. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास कोरलेल्या या लेण्यांत राहणाऱ्या भिक्खूंच्या अंगावर काय होते, हे आपले इतिहासकार सहसा विचारीत नाहीत. ते कमानी मोजतात. विनयपिटक मात्र कापडाविषयी पुष्कळ बोलते. उकिरड्यावरच्या, स्मशानातल्या चिंध्या वेचून, धुऊन, शिवलेले ते पांसुकूल चीवर. पुढे जीवक वैद्याने बुद्धाला उंची वस्त्र अर्पण केले आणि गृहस्थांनी दिलेले वस्त्र घेण्याची मुभा संघाला मिळाली. ज्याला हवे त्याने चिंध्याच पांघराव्यात. देवदत्ताने आजन्म पांसुकूलाची सक्ती मागितली, ती बुद्धाने नाकारली.

ही नकाराची गोष्ट आपल्याला फार जवळची आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाचे वस्त्र म्हणून प्रेताचेच कापड नेमून दिले आहे. गावगाड्यात मढ्यावरचे कापड हा महाराचा हक्क ठरला. (हक्क म्हणे!) तोच ग्रंथ याच जिल्ह्यात, महाडला, 25 डिसेंबर 1927 रोजी जाळला गेला आणि त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी आपल्या स्त्रियांना लुगडे नेसण्याची पद्धत बदलायला सांगितले. अंगावरच्या कापडातून जात ओळखू येऊ नये, एवढा साधा अर्थ त्यात होता.

आज कलादालनांतून टाकाऊ वस्तूंची कला, धाग्यादोऱ्यांनी मनावर उपचार, अशी भाषा ऐकू येते. ती खोटी आहे असे नाही. पण चिंधी निवडली कोणी आणि वाट्याला आली कोणाच्या, हे आधी विचारले पाहिजे. जखम चिंधीची नसते, सक्तीची असते.

रायगडात सिद्दी म्हटले की जंजिऱ्याची सत्ता आठवते. उत्तर कन्नडमधल्या हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडच्या जंगलातले सिद्दी वेगळे. पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेल्या आफ्रिकन गुलामांचे रक्त त्यांच्यात आहे, इथल्या मातीचेही आहे. बोली कोकणी वळणाची, धर्म हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती. त्यांच्या बायका जुन्या लुगड्याच्या अस्तरावर फाटक्या कपड्यांचे तुकडे जोडून कवंदी शिवतात. कोपऱ्यापासून सुरुवात, कडेकडेने फिरत मध्यापर्यंत. शेवटी चारही कोपऱ्यांना घड्या घातलेली कापडी फुले. ती नसली तर कवंदी नागडी. ऊब फुलांवाचूनही मिळाली असती. म्हणजे फुले लावणाऱ्या बाईने गरजेपलीकडचे काहीतरी स्वतःसाठी राखून ठेवले आहे. उपचार म्हणायचा तर मी याला म्हणेन. 2004 साली या बायकांची सहकारी संस्था उभी राहिली. हेन्री ड्रूअल या कला-इतिहासकाराने कवंदीचा अभ्यास केला आणि 2011 साली न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये, काळ्या लोकांच्या वस्तीत, तिचे प्रदर्शन भरले.

कर्जत-खालापुरातही आईच्या, आजीच्या लुगड्यांची गोधडी होते आणि तान्ह्या पोराला तीच पांघरतात. कोंडाण्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर ब्राह्मी अक्षरे आहेत: कण्हाचा शिष्य बलक याने हे केले. गोधडीवर असे काही लिहिलेले नसते. इथल्या शाळांतल्या शिक्षकांनी पोरांकरवी एवढे तरी करावे: घरातली गोधडी कोणी शिवली, कोणाच्या लुगड्याची शिवली आणि ते लुगडे कुठून आले होते, हे वहीत लिहून घ्यावे.