सामूपूर्व काळातील अम्लमापन : लँकेशरच्या सोडा-उद्योगाचा धडा

कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्याची पहिली परीक्षा आज त्याच्या सामूने, म्हणजे पीएच मूल्याने, केली जाते. परंतु ही मापनश्रेणी इ. स. १९०९ मधील आहे आणि नद्यांत अम्ल सोडण्याची प्रथा तिच्याहून कितीतरी जुनी आहे. सामू ठाऊक नसताना अम्लाचा हिशेब कसा ठेवला गेला व त्या हिशेबातून काय निसटले, हे पाहण्यास इंग्लंडमधील लँकेशर परगण्याचा सोडा-उद्योग हे उत्तम उदाहरण होय.

लब्लांक पद्धतीत मिठावर गंधकाम्लाची क्रिया करून सोडियम सल्फेट मिळवीत आणि ते चुनखडी व कोळसा यांसह भाजून सोडा तयार करीत. पहिल्या पायरीत हायड्रोक्लोरिक अम्लाचा वायू निघे. दुसरीत कॅल्शियम सल्फाइडयुक्त गाळ उरे. विडनेस व सेंट हेलेन्स येथे या गाळाचे ढीगच्या ढीग साचले. अम्लवायूने परिसरातील शेते व झाडे करपू लागल्यावर पार्लमेंटने १८६३ मध्ये अल्कली कायदा करून किमान ९५ टक्के वायू शोषून घेणे बंधनकारक केले. त्याचे साधन आधीच उपलब्ध होते. विल्यम गॉसेज याने १८३६ मध्ये पेटंट घेतलेल्या मनोऱ्यात कोकच्या थरांतून वरून पाणी झिरपे, खालून वायू चढे आणि अम्ल पाण्यात विरघळे.

कायद्याने हवेचे रक्षण केले. पाण्याविषयी मात्र तो मौन होता. ज्या अम्लाला गिऱ्हाईक नव्हते ते ओढ्यांत गेले. सेंट हेलेन्सजवळच्या सँकी ओढ्यात ते सल्फाइडच्या ढिगांतून झिरपणाऱ्या पाण्याला मिळाले आणि हायड्रोजन सल्फाइड हा दुर्गंधी, विषारी वायू उफाळू लागला. याचे कारण सामूत आहे. अल्कधर्मी पाण्यात सल्फाइड बव्हंशी आयनरूपाने विरघळलेले राहते; सामू ७ च्या खाली उतरला की त्याचे बहुतांश रूपांतर वायुरूपाने निसटू शकणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडात होते. म्हणजे दोन प्रवाह अलग असताना जे संकट नव्हते, ते त्यांच्या संगमाने निर्माण झाले. १८८१ च्या सुधारित कायद्याने अम्ल आणि सोड्याचा गाळ यांचा उपद्रवकारक संपर्क होऊ न देण्याची जबाबदारी कारखान्यांवर टाकली. सामूचे नावही नव्हते, तरी अनुभवाने योग्य उपाय सुचविला होता.

मोजमापाच्या बाबतीत मात्र अनुभव अपुरा पडला. १८६८ मध्ये नेमलेल्या नदीप्रदूषण आयोगाने (एडवर्ड फ्रँकलंड हा रसायनज्ञ त्याचा सदस्य होता) अशी शिफारस केली की, १००० भाग पाण्यात २ भाग हायड्रोक्लोरिक अम्ल, अथवा १ भाग कॉस्टिक सोडा, मिसळल्याने येईल त्याहून अधिक अम्लता वा अल्कता असलेले पाणी नदीत सोडू नये. हे प्रमाण सामूत मांडल्यास मर्यादा सुमारे १·३ ते १२·४ अशी येते. १८७६ च्या नदीप्रदूषण प्रतिबंधक कायद्यात असे आकडे आलेच नाहीत. पण आले असते तरी त्यांनी मासे वाचले नसते. भारतात पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ यांच्या सहाव्या अनुसूचीत भूपृष्ठीय जलाशयांसाठी ५·५ ते ९·० ही सर्वसाधारण मर्यादा आहे. सामूतील एका अंकाचा फरक म्हणजे हायड्रोजन आयनांच्या तीव्रतेत दहापट फरक, हे ध्यानी घेतले म्हणजे दोन्ही मर्यादांमधील अंतर कळते.

तथापि आयोगाची पद्धत निरर्थक नव्हती. अम्लाच्या एकूण राशीवरून त्याच्या उदासिनीकरणास किती चुना लागेल ते कळते. सामूवरून ते कळत नाही. उलट, पाण्यातील बायकार्बोनेट अम्ल शोषीत असेतो सामू फारसा ढळत नाही आणि तो साठा संपताच एकाएकी कोसळतो. ही घसरण राशीच्या आकड्यात दिसत नाही. राशी व तीव्रता ही दोन वेगळी मापे असून दोन्हींची गरज असते.

तीव्रतेचे माप कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एस. पी. एल. सोरेन्सेन याने १९०९ मध्ये विकरांचा अभ्यास करताना दिले. लिंबाच्या रसाची अम्लता मोजण्याच्या निमित्ताने आर्नल्ड बेकमन याने १९३४ च्या सुमारास सुटसुटीत सामूमापक बनविला. मद्यनिर्मिती व फळप्रक्रिया यांच्या गरजांतून घडलेली ही साधने पुढे सांडपाण्याच्या कामी आली. त्यांच्यामुळे पूर्वी असंबद्ध वाटणाऱ्या गोष्टी एका सूत्रात आल्या : अम्लधर्मी पाण्यात जड धातू विरघळलेले राहतात, चुन्याने सामू वाढविल्यास त्यांपैकी बरेच साक्याच्या रूपाने खाली बसतात, पण सामू फार वाढल्यास अमोनियाचे माशांना घातक रूप बळावते, आणि शुद्धीकरण करणारे जीवाणू दोन्ही टोकांना मरतात.

लँकेशरमध्ये हवेतील अम्ल पाण्यात गेले आणि पाण्यातून दुसरा वायू होऊन पुन्हा हवेत आले. प्रत्येक टप्प्यावर कायदा एकाच पदार्थाकडे पाहत होता; त्या पदार्थाला कोणते पाणी भेटणार आहे, हा प्रश्न उशिरा विचारला गेला. सामूचे मोजमाप हा प्रश्न सांडपाणी बाहेर पडण्यापूर्वीच विचारावयास लावते आणि त्याचे महत्त्व यातच आहे.