रायपुरम : दक्षिणेचे पहिले स्थानक

भारतातील आगगाडीचा आरंभ म्हटला, की मराठी माणसाला 16 एप्रिल 1853 हा दिवस आणि बोरीबंदर ते ठाणे ही वाट आठवते. तो मान मुंबईचाच. परंतु ज्या साध्या स्थानकातून ती गाडी निघाली, ते आज कोठे दिसत नाही; बोरीबंदरी 1888 साली पूर्ण झालेली भव्य वास्तू त्याच्या जागी आली. त्या आरंभकाळातले, अद्यापही गाड्यांची ये-जा पाहणारे स्थानक पाहावयाचे, तर चेन्नईच्या उत्तर भागात रायपुरमला जावे लागते. 1856 साली उघडलेले हे स्थानक चालू स्थितीतील स्थानकांमध्ये देशात सर्वांत जुने मानले जाते.

लोहमार्गाची कल्पना मद्रासला नवी नव्हती. 1837 साली, म्हणजे बोरीबंदरच्या सोळा वर्षे आधी, शहराबाहेरील रेड हिल्सपासून चिंताद्रिपेटपर्यंत रुळांवरून दगडाची वाहतूक झाली होती. रस्ते बांधण्यासाठी दगड हवा होता, आणि आर्थर कॉटन या अभियंत्याने त्यासाठी हा उपाय योजला होता. तो मार्ग फार काळ टिकला नाही. उतारूंची खरी रेल्वे यावयाची, तर भांडवल हवे होते. ते लंडनमध्ये स्थापन झालेल्या मद्रास रेल्वे कंपनीने उभे केले. गुंतविलेल्या पैशावर ठरावीक व्याजाची हमी सरकारने दिली होती. तिचा भार अर्थातच येथल्या रयतेच्या करांवर पडला.

स्थानकासाठी रायपुरमची निवड व्यवहार पाहून झाली. सेंट जॉर्ज किल्ला दक्षिणेस जवळच, व्यापाऱ्यांची जुनी पेठ लागूनच, आणि समुद्र तर हाकेच्या अंतरावर. रायपुरम हे नावही त्या किनाऱ्याचेच आहे. ख्रिस्ताचा शिष्य पीटर याला तमिळ ख्रिस्ती लोक रायप्पर म्हणतात. त्याच्या नावाचे देऊळ तेथील नावाड्यांच्या समाजाने बांधले, आणि वस्तीलाही तेच नाव मिळाले. 1853 साली काम सुरू झाले. उंच खांबांच्या ओळीची, युरोपीय प्रासादांच्या धर्तीची इमारत तयार झाली. 1856 च्या जूनअखेर गव्हर्नर लॉर्ड हॅरिस यांच्या उपस्थितीत तिचे उद्घाटन झाले आणि 1 जुलैपासून अर्काट भागातील वालाजा रोडपर्यंत, सुमारे शंभर किलोमीटर, गाड्या धावू लागल्या. बैलगाडीला जेथे दिवसामागून दिवस लागत, तेथे उतारू आता सकाळी निघून त्याच दिवशी पोहोचू लागला.

पुढची वाटचाल वेगाने झाली. 1862 मध्ये हा मार्ग पश्चिम किनाऱ्यावरील बेपूरला जाऊन मिळाला. 1871 मध्ये मद्रासकडून आलेले रूळ आणि मुंबईहून पुणे-सोलापूरमार्गे आलेले रूळ रायचूरला एकत्र आले. बोरीबंदर आणि रायपुरम ही दोन टोके अशी एका मार्गाने जोडली गेली.

हा विस्तारच रायपुरमच्या मुळावर आला. वाढत्या वाहतुकीला ती जागा अपुरी पडू लागली. 1873 साली पार्क टाऊनमध्ये नवे स्थानक उघडले. मद्रास सेंट्रल म्हणून पुढे गाजले ते हेच. जॉर्ज हार्डिंग यांच्या आराखड्याला रॉबर्ट चिझम यांनी मनोऱ्याचा डौल दिला. दूरच्या गाड्या तिकडे वळल्या, आणि विसावे शतक उजाडल्यावर रायपुरमच्या वाट्याला मुख्यतः बंदराचा माल आणि जवळपासच्या गाड्या उरल्या. 1908 मध्ये एग्मोरचे स्थानकही उभे राहिले आणि दक्षिणेकडच्या गाड्या तेथून सुटू लागल्या.

त्याच 1908 साली मद्रास रेल्वेच्या नावात एक मराठी शब्द आला. मिरज, बेळगाव, धारवाड हा मुलूख पुण्याशी जोडणारी, 1882 साली स्थापन झालेली सदर्न मराठा रेल्वे आणि मद्रास रेल्वे एक झाल्या. ‘मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे’ हे लांबलचक नाव तमिळ, तेलुगू, कानडी आणि मराठी माणसांच्या तिकिटांवर सारखेच छापले जाऊ लागले. 1922 मध्ये सेंट्रलजवळ या कंपनीचे मोठे कार्यालय उभे राहिले. 14 एप्रिल 1951 रोजी ही रेल्वे दक्षिण रेल्वेत विलीन झाली आणि नावातला ‘मराठा’ शब्द गेला. कार्यालयाची वास्तू मात्र दक्षिण रेल्वेचे मुख्यालय म्हणून नांदते आहे.

रायपुरमची इमारत मधल्या काळात जीर्ण झाली होती. जुन्या वास्तूंची आस्था असलेल्यांनी तिच्यासाठी आग्रह धरला, दुरुस्ती झाली आणि 2005 साली ती नव्या रंगरूपात पुन्हा खुली झाली. या वास्तूचे मोल केवळ तिच्या वयात नाही. राजवाडे आणि किल्ले राजांची आठवण ठेवतात. या खांबांच्या ओळीतून हातात गाठोडे घेतलेला साधा माणूस, जातीपातीची चौकशी न होता, तिकिटाच्या बळावर आत शिरला. त्याचे नाव कोणत्याही शिलालेखात कोरलेले नाही. त्याची खूण म्हणून हे स्थानक आहे.