सोया सॉसचा पर्याय, की जुन्याच माडाचा रस?

आजचा भाग एका बाटलीबद्दल आहे. मोठ्या शहरांतल्या सुपरमार्केटात ही बाटली आता सोया सॉसच्या शेजारी दिसायला लागली आहे, आणि परदेशात राहणाऱ्या श्रोत्यांना तर ती कधीचीच ओळखीची असेल. नाव 'कोकोनट अमिनोज'. रंग काळसर, चव खारट-गोड. लेबलवर काय लिहिलेलं असतं? सोया नाही, गहू नाही, ग्लूटेन नाही. काय नाही याचीच यादी मोठी! मग आहे तरी काय? माडाचा रस आणि मीठ. बस, एवढंच.

इथे बऱ्याच जणांची गफलत होते. नारळ म्हटलं की आपल्याला खोबरं, दूध, पाणी, तेल आठवतं. यातलं काहीही या बाटलीत नसतं. हा रस नारळातून येतच नाही. तो येतो पोयीतून, म्हणजे माडाच्या न उमललेल्या फुलोऱ्यातून. पोय बांधायची, हलक्या हाताने ठोकून मऊ करायची, टोकाला धारदार कोयत्याने पातळ काप घ्यायचा आणि खाली भांडं अडकवायचं. मग थेंब थेंब रस गळतो. रोज वर चढून नवा काप द्यावा लागतो, नाहीतर जखम सुकते आणि धार थांबते. म्हणजे ज्या पोयीला नारळ धरले असते, तिचा रस आपण काढून घेतो. एका पोयीतून नारळ तरी मिळतील, नाहीतर रस.

आता कोकणातले आणि गोव्यातले श्रोते म्हणतील, अहो, ही तर माडी! बरोबर आहे. आपल्याकडे माडी, गोव्यात सूर, फिलिपिन्समध्ये 'तुबा'. ताजा असला की गोड, काही तासांत आंबायला लागतो, संध्याकाळपर्यंत चढतो, आणि तसाच ठेवला तर त्याचं व्हिनेगर होतं. उकळून आटवला तर गूळ. एकच रस, पण वेळ आणि विस्तव बदलला की वस्तू बदलते. आणि वस्तू बदलली की सरकारची नजरही बदलते! आजची गोष्ट खरं तर याचीच आहे.

गोष्ट सुरू करूया १५२१ सालापासून. मॅजेलनची जहाजं प्रशांत महासागर ओलांडून आज ज्याला आपण फिलिपिन्स म्हणतो त्या बेटांवर पोचली. खलाशी उपाशी, आजारी. होमोन्होन बेटावर स्थानिक लोक भेटायला आले, त्यांनी मासे, केळी, नारळ आणि माडाच्या दारूचं भांडं दिलं. या सफरीची दैनंदिनी लिहिणारा इटालियन अंतोनियो पिगाफेट्टा या झाडाने थक्कच झाला. शेंड्याला छेद देऊन बांबूच्या नळकांड्यात रस कसा गोळा करतात, त्यापासून दारू आणि व्हिनेगर कसं होतं, हे त्याने तपशिलात लिहून ठेवलं. दोन माडांवर दहा माणसांचं कुटुंब जगतं, असाही त्याचा हिशेब आहे. हिशेब थोडा फुगवलेला असेल, पण एक गोष्ट नक्की कळते. युरोपची जहाजं यायच्या आधीच हा रस तिथल्या स्वयंपाकघरात मुरलेला होता.

पुढे स्पॅनिश राज्य आलं. १६१३ साली पेद्रो दे सान बुएनाव्हेंतुरा या फ्रान्सिस्कन साधूचा टागालोग भाषेचा शब्दकोश छापला गेला. व्हिनेगर-मिठात मुरवण्याची तिथली पद्धत पाहून त्याने तिला आपल्या ओळखीचं नाव दिलं, अदोबो, म्हणजे स्थानिकांचा अदोबो. नाव स्पॅनिश, पदार्थ तिथलाच. आज फिलिपिनो अदोबो म्हटलं की तो सोया सॉसमुळे तपकिरी झालेला असतो. पण सोया सॉस तिथे बाहेरून आला. त्याचं तिथलं नाव 'तोयो', आणि हा शब्द चीनच्या फुजियान किनाऱ्यावरच्या होक्किएन भाषेतून आलेला आहे. मनिलात व्यापारासाठी येणाऱ्या आणि तिथेच राहिलेल्या चिनी लोकांनी तो रुजवला. सोया न घातलेला, फक्त व्हिनेगर-मिठाचा 'पांढरा अदोबो' अजूनही काही घरांत होतो.

म्हणजे बघा, गंमत कशी आहे. या देशात माडाचा रस आधीचा, सोया सॉस नंतरचा. आणि आज त्याच देशातून माडाच्या रसाची बाटली 'सोया सॉसला पर्याय' म्हणून जगभर जाते.

शेजारच्या जावा बेटावर दोघांचं भांडणच नाही. तिथला 'केचाप मानिस', म्हणजे गोड सोया सॉस, हा आंबवलेला सोयाबीन आणि माडजातीच्या झाडांचा गूळ एकत्र करून बनतो. कोणी कोणाचा पर्याय नाही, दोघं एकाच बाटलीत नांदतात.

आता माडी महासागर ओलांडते. १५६५ पासून १८१५ पर्यंत मनिला आणि मेक्सिकोतलं अकापुल्को यांच्यामध्ये स्पॅनिश गॅलियन जहाजं ये-जा करत होती. त्यांवर फिलिपिनो खलाशी असत. काम भयंकर, मजुरी तुटपुंजी, म्हणून बरेच जण मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरले की पळून जात आणि कोलिमाच्या आसपास माडांच्या बागांत कामाला लागत. रस काढायची आणि त्यापासून दारू गाळायची कला त्यांच्या हातात होतीच. १६१९ साली सेबास्तियान दे पिनेदा नावाच्या कप्तानाने थेट स्पेनच्या राजाकडे तक्रार केली. हे लोक परत येत नाहीत, आणि यांच्या माडाच्या दारूमुळे स्पेनहून येणाऱ्या वाइनचा धंदा बसतोय! कोलिमात आजही रस्त्यावर 'तुबा' विकतात, नावही तेच राहिलंय.

इकडे आपल्या किनाऱ्यावर काय चाललं होतं? १५६३ साली गोव्यात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा ग्रंथ छापला गेला. त्यात माडावर सविस्तर मजकूर आहे. सूर, त्यापासून गाळलेली दारू, व्हिनेगर, गूळ, सगळं त्यात येतं. पोर्तुगीजांची लसूण आणि वाइन-व्हिनेगरमध्ये मांस मुरवायची पद्धत गोव्यात आली तेव्हा व्हिनेगर माडाचं झालं, आणि त्यातूनच विंदालू घडला. म्हणजे अदोबो आणि विंदालू हे दोन लांबचे भाऊच म्हणायचे. अदोबोत नाव आयबेरियाचं, विंदालूत सवय आयबेरियाची, आणि दोन्हीकडे आशियातल्या माडाचं आंबट पाणी! गोव्यात सान्नांचं पीठ सुराने फुगवत आणि वसईकडच्या ख्रिस्ती घरांत फुगे माडीने फुगवत. दोदोल माडाच्या काळ्या गुळाशिवाय होत नाही.

आणि सोया सॉस? तोसुद्धा आपल्या किनाऱ्यावर लवकरच पोचला होता. जॉन ओव्हिंग्टन या इंग्रज पाद्र्याचं सुरतेच्या प्रवासाचं पुस्तक १६९६ साली निघालं. सुरतेच्या इंग्रज वखारीत जेवणाबरोबर आंब्याचं आणि बांबूचं लोणचं आणि सोय सॉस असायचा, हे त्याने कौतुकाने लिहिलंय. पण तो साहेबांच्या टेबलापुरताच राहिला. कोकणात आंबट, गोड आणि आंबवणाची गरज माड भागवत होता.

मग आला कर. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर माडी काढायच्या झाडांवरचा कर वाढत गेला. मुंबई-ठाण्याच्या किनाऱ्यावर हा भंडारी समाजाचा पिढीजात धंदा होता, त्यांनी विरोधही केला. सरकारच्या लेखी माड म्हणजे दारूचं झाड, बाकी काही नाही. पुढे गांधीजींनी नीरा आणि ताडगुळाची बाजू घेतली, की हे अन्न आहे, दारू नव्हे. पण १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला तेव्हा नीरेलाही परवाना लागलाच. कारण सरळ आहे. सकाळची नीरा दुपारी माडी होते, आणि पोलिसाला घड्याळ घेऊन झाडाखाली बसता येत नाही!

आता पुन्हा आपल्या बाटलीकडे येऊ. 'अमिनोज' हा शब्द कुठून आला? अमिनो आम्लांवरून. सोयाबीनमध्ये वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त प्रथिनं असतात. कोजी नावाची बुरशी ती प्रथिनं फोडते, त्यातून ग्लुटामेट सुटतं, आणि सोया सॉसला ती भरीव चव येते. या चवीमागे ग्लुटामेट आहे हे जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली समुद्री शेवाळावर काम करताना दाखवलं आणि तिला 'उमामी' म्हटलं. अमेरिकेत सोयाचीच प्रथिनं फोडून केलेला द्रव 'लिक्विड अमिनोज' नावाने विकला जात होता. माडाच्या बाटलीने नाव तिथून उचललं. पण माडाच्या रसात मुख्यतः साखर असते, प्रथिनं अगदी नाममात्र. रंग आणि खमंगपणा येतो तो साखर आटण्यातून आणि मुरण्यातून, खारटपणा येतो मिठातून. म्हणून सोया किंवा गहू चालत नसेल त्याला ही बाटली खरंच उपयोगी आहे. पण तिला सोया सॉसची जुळी बहीण समजू नका. मीठ तिच्यातही असतं, साखर जास्त असते. लेबलाचा मागचा भाग वाचा, पुढचा नव्हे.

शेवटचा प्रश्न, पैसा कोणाकडे जातो? फिलिपिन्सचे नारळ शेतकरी देशातल्या सर्वांत गरीब लोकांत मोडतात. १९७० च्या दशकात मार्कोसच्या राजवटीत त्यांच्या खोबऱ्यावर त्यांच्याच भल्याच्या नावाने उपकर बसवला गेला, आणि तो पैसा राजकर्त्यांच्या जवळच्या लोकांच्या हातात गेला. कोर्टकज्जे दशकानुदशकं चालले. त्या रकमेचा निधी शेतकऱ्यांसाठी वापरायचा कायदा झाला तो २०२१ साली. मूळ कर भरणारे कितीतरी जण तोवर गेले होते. अशा शेतकऱ्याला रसाचा धंदा का हवासा वाटतो? कारण खोबऱ्याचे पैसे काही महिन्यांनी एकदा येतात, रस रोज निघतो. पण रोज निघतो म्हणजे कोणीतरी रोज चढतं. पावसात, ओल्या खोडावर.

आपल्या कोकणातही माड उभे आहेत, चढणारे हात कमी झालेत. हा रस दारू म्हटला की परवाना लागतो, गूळ म्हटला की बाजारात भाव मिळत नाही, आणि परदेशी लेबल लावून 'पर्याय' म्हटला की महाग विकला जातो. रस तोच. त्याला काय म्हणायचं हे आजवर राजाने ठरवलं, अबकारी खात्याने ठरवलं, आता दुकानदार ठरवतोय. झाडावर चढणाऱ्याला ते कधी ठरवता आलंच नाही.

तुमच्या घरात माडीचा, सुराचा किंवा माडाच्या गुळाचा कुठला पदार्थ अजून होतो, ते आम्हाला जरूर कळवा. पदार्थाचं नाव तुमच्या बोलीतच सांगा. भेटू पुढच्या भागात, तोवर ऐकत राहा.