अध्यापक, अभ्यासक्रम आणि प्रशिक्षण : एक ऐतिहासिक मागोवा

मुंबई, कलकत्ता व मद्रास ही तीन विद्यापीठे १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाली. परीक्षा घेणे व पदव्या देणे हे त्यांचे प्रमुख कार्य. शिकविण्याचे काम संलग्न महाविद्यालयांकडे राहिले. अभ्यासक्रम विद्यापीठाचा आणि अध्यापन प्राध्यापकाचे, हा जो दंडक तेव्हा पडला तो संलग्न महाविद्यालयांत आजही बहुतांशी टिकून आहे. महाविद्यालयीन अध्यापकांच्या प्रशिक्षणाचा इतिहास या पार्श्वभूमीवरच वाचावा लागतो.

शालेय शिक्षकाला अध्यापनशास्त्राची पदवी वा पदविका आवश्यक ठरली. महाविद्यालयीन अध्यापकाला मात्र विषयाचे ज्ञान पुरेसे मानले गेले. कोठारी आयोगाने (१९६४-६६) नव्या अधिव्याख्यात्यांच्या उद्बोधनाची गरज मांडली, तरी देशव्यापी यंत्रणा उभी राहिली ती १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर. १९८७ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने ॲकॅडेमिक स्टाफ कॉलेजे सुरू केली. चार आठवड्यांचा ओरिएंटेशन व तीन आठवड्यांचा रिफ्रेशर हे शब्द प्राध्यापकांच्या नित्य बोलण्यात आले ते तेव्हापासून. या वर्गांची उपस्थिती पदोन्नतीशी जोडली गेल्याने गर्दी झाली, हे खरे. परंतु अनेकांच्या लेखी प्रमाणपत्र हेच फलित ठरले, हेही तितकेच खरे.

येथे एक विसंगती लक्षात घ्यावी लागते. याच सुमारास आयोगाने निरनिराळ्या विद्यापीठांत विषयवार अभ्यासक्रम विकास केंद्रे स्थापन केली आणि पुढे २००१ मध्ये आदर्श अभ्यासक्रम प्रसिद्ध केले. म्हणजे अध्यापकाला घडविणारी यंत्रणा वेगळी आणि अभ्यासक्रम घडविणारी वेगळी. उद्दिष्टे, घटक, तासिका व मूल्यमापन यांची सांगड कशी घालावी हे वर्गात शिकलेला अध्यापक महाविद्यालयात परतल्यावर त्याच्या हाती अभ्यास मंडळाने मंजूर केलेला, घटक व गुण ठरलेला तयार आराखडाच येई. प्रशिक्षण ज्याला मिळाले त्याला अधिकार नव्हता. ही उणीव वर्गांच्या दर्जाची नव्हे, रचनेची होती, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

स्वायत्ततेने हे चित्र काही ठिकाणी पालटले. कोठारी आयोगानेच सुचविलेली स्वायत्त महाविद्यालये १९७८ मध्ये प्रथम तमिळनाडूत अस्तित्वात आली. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाला स्वायत्तता मिळण्यास २०१० हे वर्ष उजाडले. अशा महाविद्यालयात अभ्यास मंडळ आपले स्वतःचे असते. तेथे अभ्यासक्रमरचनेचे प्रशिक्षण ही औपचारिकता न राहता कामाची निकड होते.

दरम्यान स्टाफ कॉलेजांचे नाव २०१५ मध्ये मानव संसाधन विकास केंद्र झाले, आणि २०२३ मधील मालवीय मिशनपासून ती शिक्षक प्रशिक्षण केंद्रे म्हणून ओळखली जातात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने मान्य चौकटीत अभ्यासक्रम व अध्यापनपद्धती ठरविण्याचे स्वातंत्र्य अध्यापकाला असावे असे म्हटले आहे. संलग्न महाविद्यालयातील अध्यापकाच्या हाती मात्र अजून अध्यापन नियोजन, संदर्भवाचनाची निवड आणि अंतर्गत मूल्यमापन एवढेच आहे. त्याच्यासाठीच्या वर्गातील पहिले तास या तिन्हींनाच द्यावयास हवेत.