माधवनगरची स्मृती, बेंगळुरूची टीम: आरसीबीला पहिला कप मुलींनी कसा मिळवून दिला?

१७ मार्च २०२४. दिल्लीचं अरुण जेटली स्टेडियम. शेवटची ओव्हर, तिसरा बॉल. रिचा घोषनं चौकार मारला आणि रॉयल चॅलेंजर्स बँगलोर, म्हणजे आपली नेहमीची आरसीबी, चॅम्पियन झाली.

आता आरसीबी म्हटलं की सोशल मीडियावर एकच विषय असायचा. विराट कोहली आहे, ख्रिस गेल होता, एबी डिव्हिलियर्स होता, पण कप नाही. पुरुषांची टीम २००९, २०११ आणि २०१६ अशा तीन फायनल खेळली आणि तिन्ही हरली. त्यावरचे मीम्स तुम्हीही फॉरवर्ड केले असतील. मात्र ज्या कपासाठी पुरुषांची टीम २००८ पासून झगडत होती, तसाच कप याच फ्रँचायझीच्या मुलींनी दुसऱ्याच हंगामात आणला. आणि त्या टीमची कॅप्टन होती सांगलीजवळच्या माधवनगरची स्मृती मानधना.

ही टीम कशी उभी राहिली, पहिल्या वर्षी कशी आपटली आणि बारा महिन्यांत चॅम्पियन कशी झाली, त्याचीच ही गोष्ट.

आधी माधवनगर

सांगली शहराला लागून, तासगाव रस्त्यावर माधवनगर आहे. स्मृतीचा जन्म १८ जुलै १९९६ चा, मुंबईतला. पण ती दोन वर्षांची असताना मानधना कुटुंब माधवनगरला आलं आणि तिचं शिक्षण इथंच झालं.

घरात क्रिकेट होतंच. वडील श्रीनिवास आणि भाऊ श्रवण दोघंही सांगली जिल्ह्याकडून खेळलेले. भावाची प्रॅक्टिस बघत बघत स्मृतीच्या हातात बॅट आली. ती एरवी उजव्या हाताची, पण भाऊ डावखुरा खेळतो म्हणून तीही डावखुरी खेळायला लागली. नवव्या वर्षी ती महाराष्ट्राच्या १५ वर्षांखालील टीममध्ये होती आणि अकराव्या वर्षी १९ वर्षांखालील टीममध्ये. सांगलीत अनंत तांबवेकर यांनी तिला कोचिंग दिलं.

तसं सांगलीला हे नवीन नाही. भारताला पहिला कसोटी विजय मिळवून देणारे कॅप्टन विजय हजारे यांचा जन्म सांगलीचा. पहिल्या वर्षी अर्जुन पुरस्कार मिळवणारे बॅडमिंटनपटू नंदू नाटेकरही सांगलीचेच. पण मुलींच्या क्रिकेटमध्ये सांगलीचं नाव झालं ते ऑक्टोबर २०१३ मध्ये. वडोदऱ्यात गुजरातविरुद्ध महाराष्ट्राच्या १९ वर्षांखालील टीमकडून खेळताना स्मृतीनं १५० बॉलमध्ये नाबाद २२४ रन केले. एकदिवसीय सामन्यात द्विशतक ठोकणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये तिनं भारतीय टीममध्ये पदार्पणही केलं होतं.

लीग यायला एवढा उशीर का झाला?

पुरुषांची आयपीएल २००८ मध्ये सुरू झाली. मुलींसाठी मात्र २०१८ मध्ये फक्त एक प्रदर्शनी सामना झाला. मग वुमन्स टी-२० चॅलेंज नावाची छोटी स्पर्धा आली. त्यात तीन टीम आणि फायनल धरून चार सामने, एवढाच पसारा. २०२० मध्ये शारजात झालेली ही स्पर्धा स्मृतीच्या ट्रेलब्लेझर्सनं जिंकली आणि फायनलमध्ये तिनं ६८ रन केले. पण एका आठवड्याच्या स्पर्धेवर कुणाचं घर चालत नाही.

म्हणून लीगमध्ये खेळायचं असेल तर परदेशात जावं लागायचं. २०१६ मध्ये स्मृती आणि हरमनप्रीत कौर या ऑस्ट्रेलियाच्या वुमन्स बिग बॅश लीगमध्ये करार मिळवणाऱ्या पहिल्या दोन भारतीय ठरल्या. २०१८ मध्ये स्मृती इंग्लंडच्या किया सुपर लीगमध्ये खेळणारी पहिली भारतीय झाली. पण ही संधी मोठ्या नावांना मिळायची. जिल्ह्या-जिल्ह्यांतून राज्याच्या टीमपर्यंत पोचलेल्या बाकीच्या मुलींचं काय, हा प्रश्न तसाच होता.

गाडी पुढं सरकली ती २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये. बीसीसीआयनं पुरुष आणि महिला खेळाडूंना सारखीच मॅच फी जाहीर केली. कसोटीसाठी १५ लाख, वनडेसाठी ६ लाख आणि टी-२० साठी ३ लाख. आणि २५ जानेवारी २०२३ ला वुमन्स प्रीमियर लीगच्या, म्हणजे डब्ल्यूपीएलच्या पाच टीम विकल्या गेल्या. एकूण रक्कम ४६६९.९९ कोटी. त्यात बेंगळुरूची टीम गेली ९०१ कोटींना.

३.४० कोटी आणि पहिलंच नाव

१३ फेब्रुवारी २०२३ ला मुंबईत पहिला लिलाव झाला. प्रत्येक टीमकडं १२ कोटींची थैली होती. पहिलंच नाव पुकारलं गेलं स्मृती मानधना, बेस प्राइस ५० लाख. मुंबई इंडियन्स आणि आरसीबीत चढाओढ लागली आणि आरसीबीनं ३.४० कोटींवर बाजी मारली. त्या लिलावातली ती सगळ्यात मोठी बोली ठरली.

बऱ्याच जणांना प्रश्न पडतो, सांगलीची मुलगी बेंगळुरूची कॅप्टन कशी? उत्तर सोपं आहे. डोमेस्टिक क्रिकेटमध्ये खेळाडू राज्याकडून खेळते, म्हणून स्मृती महाराष्ट्राची. डब्ल्यूपीएलमध्ये मात्र लिलावात जो जास्त बोली लावेल त्याची टीम. आणि पुण्याची टीम डब्ल्यूपीएलमध्ये नाहीच.

लिलावात आरसीबीनं आणखी काय घेतलं, तर ऑस्ट्रेलियाची एलिस पेरी १.७० कोटींना, रिचा घोष १.९० कोटींना, रेणुका सिंग १.५० कोटींना आणि न्यूझीलंडची सोफी डिव्हाइन अवघ्या ५० लाखांना. इंग्लंडची कॅप्टन हेदर नाइटही याच टीमकडं आली. दिशा कासट, कोमल झंझाड, पूनम खेमनार अशी मराठी मुलुखातली नावंही यादीत होती. आणि १० लाखांच्या बेस प्राइसला दोन स्पिनर घेतल्या गेल्या, श्रेयांका पाटील आणि आशा शोभना. ही दोन नावं लक्षात ठेवा, कारण पुढं सगळा खेळ त्यांनीच फिरवला.

पहिला हंगाम: सलग पाच पराभव

कागदावर टीम भारी होती. मैदानात उलटंच झालं. ५ मार्च २०२३ ला ब्रेबॉर्नवर पहिल्याच सामन्यात दिल्ली कॅपिटल्सनं २२३ रन कुटले आणि आरसीबी ६० रननं हरली. मग मुंबईकडून हार, गुजरातकडून हार, यूपी वॉरियर्सकडून तर १० विकेटनं हार आणि पुन्हा दिल्लीकडून हार. सलग पाच!

पुरुषांच्या टीमवरचे जुने मीम्स मुलींच्या नावानं फिरायला लागले. सगळ्यात महागडी खेळाडू म्हणून बोटं स्मृतीकडं वळली. तिचे आकडेही बोलत नव्हते. ८ सामन्यांत १४९ रन आणि एकही अर्धशतक नाही.

सहाव्या सामन्यात कनिका आहुजाच्या ४६ रनच्या जोरावर यूपीविरुद्ध पहिला विजय मिळाला. पुढच्या सामन्यात सोफी डिव्हाइननं गुजरातविरुद्ध ३६ बॉलमध्ये ९९ रन ठोकले आणि १८९ चं टार्गेट १६ व्या ओव्हरमध्येच संपवलं. शतक एका रननं हुकलं, पण ती खेळी आजही क्लिपमधून फिरते. शेवटी हिशोब मात्र ८ सामने, २ विजय आणि चौथा नंबर असाच राहिला.

दुसरा हंगाम: एका रनची हार आणि मग कमबॅक

२०२४ ला कोच म्हणून ऑस्ट्रेलियाचे ल्यूक विल्यम्स आले. कॅप्टन बदला, अशी चर्चा होती, पण फ्रँचायझीनं स्मृतीवरच विश्वास ठेवला. यावेळी बेंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमवर सामने होते आणि गर्दी तुफान होती.

पहिल्याच सामन्यात यूपीविरुद्ध आशा शोभनानं २२ रनमध्ये ५ विकेट घेतल्या. डब्ल्यूपीएलमध्ये पाच विकेट घेणारी ती पहिली भारतीय. आरसीबी २ रननं जिंकली.

पण खरी परीक्षा १० मार्चला झाली. दिल्लीविरुद्ध १८२ चं टार्गेट होतं. रिचा घोष एकटी भिडली, २९ बॉलमध्ये ५१. शेवटच्या बॉलवर दोन रन हवे होते आणि रिचा रनआउट झाली. एका रननं हार. ती क्रीझजवळ कोसळली, तो फोटो सगळीकडं व्हायरल झाला.

दोनच दिवसांनी मुंबईविरुद्ध एलिस पेरीनं १५ रनमध्ये ६ विकेट घेतल्या आणि वर नाबाद ४० रनही केले. आरसीबी प्लेऑफमध्ये गेली. लीगमधला हिशोब ४ विजय, ४ पराभव. म्हणजे जेमतेम तिसरा नंबर.

१५ मार्चच्या एलिमिनेटरमध्ये समोर गतविजेती मुंबई. आरसीबीची सुरुवात गडगडली, पण पेरीनं ६६ रन करून टीमला १३५ पर्यंत नेलं. मुंबईला शेवटच्या १८ बॉलमध्ये २० रन हवे होते आणि हरमनप्रीत क्रीझवर होती. तिथं श्रेयांकानं हरमनप्रीतला आउट केलं. शेवटच्या ओव्हरमध्ये १२ रन हवे असताना बॉल आशाच्या हातात दिला गेला. तिनं सामना ५ रननं वाचवला.

फायनल: एका ओव्हरमध्ये डाव फिरला

फायनलला दिल्ली, तीही त्यांच्याच घरच्या मैदानावर. मेग लॅनिंग आणि शफाली वर्मा यांनी सात ओव्हरमध्ये ६४ रन काढले, एकही विकेट न गमावता. सामना गेला असं वाटत होतं.

आठव्या ओव्हरला सोफी मोलिन्यू आली. शफाली, जेमिमा रॉड्रिग्ज आणि अ‍ॅलिस कॅप्सी, तिघींना तिनं त्याच ओव्हरमध्ये घरी पाठवलं. बिनबाद ६४ वरून ३ बाद ६४. पुढचं काम श्रेयांकानं केलं, १२ रनमध्ये ४ विकेट. आशानं दोन घेतल्या. दिल्ली ११३ वर ऑलआउट. म्हणजे दहा विकेट ४९ रनमध्ये गेल्या.

आता जरा हिशोब लावा. फायनलमधल्या दहापैकी सहा विकेट १०-१० लाखांना घेतलेल्या दोन मुलींनी काढल्या होत्या.

टार्गेट छोटं होतं, पण पीच अवघड होतं. डिव्हाइन ३२, स्मृती ३१, पेरी नाबाद ३५, रिचा नाबाद १७. घाई न करता, तीन बॉल राखून ८ विकेटनं विजय. आठवड्यापूर्वी याच दिल्लीविरुद्ध रनआउट होऊन कोसळलेल्या रिचानंच विनिंग शॉट मारला.

३४७ रन करून ऑरेंज कॅप पेरीला, १३ विकेट घेऊन पर्पल कॅप श्रेयांकाला आणि ६ कोटींचं बक्षीस टीमला. विराट कोहलीनं व्हिडिओ कॉल करून अभिनंदन केलं. ‘ई साला कप नमदे’, म्हणजे यंदा कप आमचाच, ही आरसीबीच्या चाहत्यांची घोषणा. स्मृतीनं ती बदलून ‘ई साला कप नमदू’ केली, म्हणजे कप आता झालाच आमचा. दोन दिवसांनी बेंगळुरूच्या कार्यक्रमात पुरुषांच्या टीमनं दोन्ही बाजूंना उभं राहून मुलींना गार्ड ऑफ ऑनर दिला. त्याच कार्यक्रमात टीमचं नाव बँगलोरऐवजी बेंगळुरू करण्यात आलं.

तिसरा हंगाम: पुन्हा जमिनीवर

२०२५ ला सुरुवात दणक्यात झाली. गुजरातविरुद्ध २०२ चं टार्गेट आरसीबीनं पार केलं. तेव्हापर्यंतचा तो डब्ल्यूपीएलमधला सगळ्यात मोठा यशस्वी पाठलाग. रिचा २७ बॉलमध्ये नाबाद ६४. दुसऱ्या सामन्यात स्मृतीनं दिल्लीविरुद्ध ४७ बॉलमध्ये ८१ रन केले.

मग मात्र दुखापतींचा फटका बसला. श्रेयांका नाही, आशा नाही, मोलिन्यू नाही आणि डिव्हाइननं ब्रेक घेतलेला. म्हणजे फायनल जिंकून देणारी बॉलिंग जवळपास सगळी बाहेर. बेंगळुरूतले चारही सामने टीम हरली. त्यातला यूपीविरुद्धचा सामना डब्ल्यूपीएलच्या इतिहासातली पहिली सुपर ओव्हर होता. सलग पाच पराभवांनंतर शेवटच्या सामन्यात मुंबईला हरवलं, पण ३ विजयांसह चौथ्याच नंबरवर थांबावं लागलं. त्याच वर्षी ३ जूनला पुरुषांच्या टीमनं अहमदाबादेत पहिली आयपीएल जिंकली. मुलींच्या पुढच्या वर्षी.

या टीमनं बदललं काय?

आशा शोभनाचं उदाहरण घ्या. डब्ल्यूपीएल आली तेव्हा तिनं तिशी ओलांडली होती. कप जिंकल्यानंतर दोन महिन्यांतच, मे २०२४ मध्ये, वयाच्या ३३ व्या वर्षी तिनं भारताकडून पदार्पण केलं. लीग आली नसती तर तिचं नाव डोमेस्टिकच्या स्कोअरकार्डमध्येच राहिलं असतं.

आणि २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारतानं दक्षिण आफ्रिकेला हरवून महिलांचा पहिला वनडे वर्ल्डकप जिंकला, तेव्हा त्या टीममध्ये आरसीबीकडून खेळलेल्या स्मृती, रिचा, रेणुका आणि स्नेह राणा होत्या. स्मृतीनं त्या स्पर्धेत ४३४ रन केले, भारताकडून सगळ्यात जास्त.

पूर्वी गावातली मुलगी किट घेऊन मैदानावर निघाली की लोक विचारायचे, हे खेळून पुढं काय? आता उत्तर द्यायला निदान आकडे तरी आहेत. सगळ्यांच्या वाट्याला ३.४० कोटी येणार नाहीत, हे उघड आहे. पण १० लाखांपासून सुरुवात करूनही फायनल जिंकून देता येते, हे याच टीमनं दाखवलंय. माधवनगरच्या घरातून भावाची बॅटिंग बघत सुरू झालेला प्रवास तिथपर्यंत पोचला.