सेय्दिच आणि फिंत्सी खटला

सेय्दिच आणि फिंत्सी विरुद्ध बॉस्निया आणि हर्झगोव्हिना हा निवडणूक लढविण्याच्या समान हक्कासंबंधीचा महत्त्वाचा खटला होय. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या महापीठाने त्याचा निकाल २२ डिसेंबर २००९ रोजी दिला.

पार्श्वभूमी

१९९५ च्या डेटन कराराने बॉस्नियातील युद्ध थांबले. देशाची राज्यघटना ही याच कराराचे चौथे परिशिष्ट आहे. तिच्यात बोस्नियाक, क्रोएट व सर्ब हे तीन ‘घटक लोकसमूह’ मानले असून ज्यू, रोमा व उर्वरित नागरिकांचा उल्लेख केवळ ‘इतर’ असा आहे. राष्ट्राध्यक्ष मंडळ तीन सदस्यांचे असते. त्यातील बोस्नियाक व क्रोएट सदस्य महासंघातून, तर सर्ब सदस्य रेपुब्लिका स्र्प्स्कामधून निवडला जातो. संसदेच्या वरिष्ठ सभागृहातील १५ जागाही तिघांत प्रत्येकी पाच अशा वाटलेल्या आहेत. ‘इतर’ नागरिक राष्ट्राध्यक्ष मंडळासाठी मतदान करू शकतात, उमेदवार मात्र होऊ शकत नाहीत. महासंघात राहणाऱ्या सर्बांची आणि रेपुब्लिका स्र्प्स्कातील बोस्नियाकांचीही हीच स्थिती आहे.

खटला व निकाल

दर्वो सेय्दिच हे रोमा, तर याकोब फिंत्सी हे ज्यू समाजाचे. ज्यू असल्याने आपण उमेदवारीस अपात्र आहोत, असे फिंत्सी यांना केंद्रीय निवडणूक आयोगाने जानेवारी २००७ मध्ये लेखी कळविले. अपात्रतेचे असे कारण सरकारी कागदावर उघडपणे नमूद होणे विरळाच. वंशविच्छेदाने होरपळलेल्या देशात शांतता आणण्यासाठी ही तडजोड झाली होती, हे न्यायालयाने मान्य केले. परंतु परिस्थिती सुधारल्यावर, आणि सत्तावाटपाचे इतर मार्ग उपलब्ध असताना, संपूर्ण वगळणूक समर्थनीय नाही, असे ठरविले. वरिष्ठ सभागृहाबाबत हा निर्णय १४ विरुद्ध ३, तर राष्ट्राध्यक्ष मंडळाबाबत १६ विरुद्ध १ मतांनी झाला.

अंमलबजावणी

निकालानंतर दीड दशक उलटले तरी या तरतुदी बदललेल्या नाहीत. घटनादुरुस्तीस वरिष्ठ सभागृहाचीही संमती लागते आणि तेथे ‘इतरां’ना जागाच नाही. शिवाय क्रोएट सदस्याच्या निवडीचा वाद या प्रश्नात गुंतला आहे. महासंघातील मतदार बोस्नियाक किंवा क्रोएट यांपैकी कोणत्याही उमेदवारास मत देऊ शकतो. झेल्को कोमशिच २००६, २०१०, २०१८ व २०२२ मध्ये क्रोएट सदस्य म्हणून निवडून आले ते बोस्नियाक मतांवर, अशी प्रमुख क्रोएट पक्षांची तक्रार आहे. दरम्यान २०१४ च्या झोर्निच खटल्यात, स्वतःला केवळ ‘बॉस्नियाची नागरिक’ म्हणविणाऱ्या महिलेच्या बाजूनेही न्यायालयाने निकाल दिला.