तळटीप : ‘इंजिन उतरवणे’
गॅरेजमधला हा शब्दप्रयोग मूळ मजकुरात सरसकट आला असला, तरी त्यात दोन वेगळी कामे सामावलेली आहेत. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीमुळे परिचित झालेल्या प्रीमियर पद्मिनीत १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेले असून गिअरबॉक्स त्याच्या मागे बोल्टांनी जोडलेला असतो. त्यामुळे गिअरबॉक्सला खालून जॅकचा आधार देऊन एकटे इंजिन पुढे सरकवत चेन-पुलीने उचलता येते, किंवा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे मागच्या चाकांकडे गती नेणारा दांडा, सोडवून दोन्ही एकत्र, तिरके करून काढता येतात. पहिल्या पद्धतीत उचलायचे वजन कमी, पण खरी परीक्षा परत बसवताना होते : गिअरबॉक्सचा पुढे आलेला शाफ्ट क्लच प्लेटच्या दात्यांतून जाऊन क्रँकशाफ्टच्या टोकाच्या बुशमध्ये शिरावा लागतो, आणि त्यासाठी प्लेट आधीच अचूक मध्यभागी धरून प्रेशर प्लेट आवळलेली असावी लागते. हे साधले नाही की इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या कवचांमध्ये फट राहते. ती बोल्ट आवळून मिटवण्याचा मोह ही या कामातली सर्वांत महाग चूक होय, कारण त्यात कवचाचे कान तुटतात वा प्लेट वाकते. फट हाताच्या दाबानेच मिटली पाहिजे. मारुती ८०० मध्ये मात्र इंजिन आडवे असून डिफरन्शिअलही गिअरबॉक्समध्येच असल्याने, गिअर ऑइल काढून व ड्राइव्ह शाफ्ट सोडवून, दोन्ही एकत्र उतरवणे सोयीचे ठरते.